दुःख कागदावर मांडताना

लिहून काढले की लगेच हलके वाटते, हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे आपल्यावरच्या आघातांविषयी लिहिले. लिहून होताच ते अधिकच उदास झाले. पण घटना आणि भावना दोन्ही मांडणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी राहिल्या. म्हणजे गुण निव्वळ मन मोकळे करण्यात नसावा, घडलेल्याची संगती लावण्यात असावा. अशा लेखनाने जखम उकरली जाते, हा आक्षेप रास्तच आहे. तेच ते उगाळणाऱ्याला लेखन जाचू शकते. नंतरच्या अभ्यासांत सरासरी फायदाही लहानच आढळला. तरी ज्याला बोलायला कुणीच नाही, त्याच्यासाठी तो मला मोलाचा वाटतो. मात्र असह्य झाल्यास वही मिटून डॉक्टरांकडे जावे.