पॅरेंट मेला, वर्कर जिवंत: एका हँगचा शोध

चाकण एमआयडीसीतल्या एका छोट्या व्हेंडरकडे मी लिहिलेला प्रोग्राम चालतो. काम साधं आहे. ब्रॅकेट कॅमेऱ्याखालून जातात, फोटो निघतो आणि होल बरोबर जागी पडलंय का ते प्रोग्राम बघतो. शिफ्ट संपली की ऑपरेटर ‘स्टॉप’ दाबतो आणि रिपोर्ट तयार होतो. तो रिपोर्ट सोबत असल्याशिवाय माल गाडीत चढत नाही.

एका रात्री सेकंड शिफ्ट संपली, पण रिपोर्ट आलाच नाही. स्क्रीनवर एरर नाही, गाडी गेटवर उभी. सुपरवायझरने सगळा राग आयटीआयच्या ट्रेनी पोरावर काढला, ‘तूच काहीतरी चुकीचं दाबलंस.’ पोरगा सांगत होता, ‘साहेब, स्टॉपच दाबलं, एकदाच.’ दुसऱ्या रात्री परत तेच. मी पिंपरीहून निघालो, तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे अडकलो आणि पोहोचेपर्यंत कोणीतरी पीसी रिस्टार्ट करून सगळा पुरावा पुसून टाकला होता. मग मी बजावून ठेवलं, पुन्हा अडकलं तर पीसीला हात लावू नका.

तिसऱ्या रात्री पुरावा मिळाला. हँग दिसला की आधी एकच गोष्ट बघायची: सीपीयू घाम गाळतोय की निवांत आहे? घाम गाळत असेल तर प्रोग्राम कुठल्यातरी लूपमध्ये गरगरतोय. निवांत असेल तर कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय. आमचा सीपीयू जवळजवळ झोपलेला होता. म्हणजे प्रश्न असा, की कोण कोणासाठी थांबलंय?

लिनक्सवर ‘पीएस’ ही कमांड चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची यादी देते. प्रत्येकीला स्वतःचा नंबर असतो आणि सोबत तिला जन्म देणाऱ्या पॅरेंट प्रोसेसचाही नंबर असतो. माझा मुख्य प्रोग्राम चार वर्कर सुरू करतो आणि फोटो त्यांच्यात वाटून देतो. यादीत मुख्य प्रोग्राम नव्हताच. चारही वर्कर मात्र ठणठणीत होते आणि त्यांच्या पॅरेंटच्या रकान्यात १ हा आकडा होता.

हा आकडा म्हणजे पहिला मोठा धागा. मुकादम काम सोडून गेला म्हणून मजूर आपोआप घरी जात नाहीत, तसंच इथेही आहे. पॅरेंट मेला तरी चाइल्ड प्रोसेस मरत नाही. ती अनाथ होते आणि सिस्टिम तिला बहुतेक वेळा १ नंबरच्या प्रोसेसकडे सोपवते. (झोम्बी प्रोसेस वेगळी. ती मेलेली असते, फक्त तिच्या पॅरेंटने तिची नोंद घेतलेली नसते. इंटरव्ह्यूमध्ये हा घोळ हमखास होतो.) माझे वर्कर नवीन फोटो आला का हे मधूनमधून बघत बसले होते. काम संपलंय हे सांगणारं कोणी उरलंच नव्हतं.

ठीक आहे, पण मग रिपोर्ट का अडकला? रिपोर्टशी वर्करचा थेट संबंध नव्हता.

संबंध होता, पाइपमधून. प्रोग्रामचं आउटपुट मी ‘टी’ नावाच्या कमांडकडे पाठवत होतो. चहा नव्हे, प्लंबर पाइपला जो टी जोडतो तो. आत आलेलं आउटपुट स्क्रीनवरही जातं आणि लॉग फाइलमध्येही. ‘टी’ संपली की स्क्रिप्टची पुढची ओळ चालणार आणि रिपोर्ट बनणार. पण ‘टी’ संपते कधी? पाइपमध्ये लिहू शकणारा शेवटचा माणूस हात काढून घेतो तेव्हा. कंपनीची बस जशी शेवटचा कामगार गेटबाहेर येईपर्यंत सुटत नाही, तसं. वर्कर जन्मताना पॅरेंटकडून पाइपचं तोंडही वारशात घेतात. ते काहीही लिहीत नसले तरी त्यांच्या हातात ते तोंड उघडं आहे, एवढ्यावर ‘टी’ अडून बसते. ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये पाहिलं तर चारही वर्करच्या आउटपुटसमोर त्याच एका पाइपचा नंबर होता. चौघांना हाताने बंद केलं आणि त्याच क्षणी रिपोर्ट बाहेर पडला.

आता पॅरेंटला मारलं कोणी? मीच. ‘स्टॉप’ दाबल्यावर माझी स्क्रिप्ट आधी प्रोग्रामला नीट बंद व्हायला सांगायची, ५ सेकंद थांबायची आणि तरी तो चालू असेल तर ‘किल -९’ द्यायची. हातातले फोटो संपले की पॅरेंट वर्करना बंद करायचा. त्या आठवड्यात नवीन कॅमेरा लागला, फोटो मोठे झाले आणि ५ सेकंद पुरेनात. ‘किल -९’ हा सिग्नल प्रोग्रामला पकडता येत नाही, आवराआवर करायची संधीच मिळत नाही. वर्करना पायथनमध्ये ‘डेमन’ म्हणून खूण केली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ती खूण पॅरेंट रीतसर बाहेर पडला तरच कामाची.

नुसते ५ चे ३० सेकंद करणं ही मलमपट्टी झाली असती. मी वर्करच्या प्रत्येक फेरीत एक तपासणी टाकली: माझ्या पॅरेंटचा नंबर बदललाय का? बदलला असेल तर बाहेर पड. पण वर्कर फोटो वाचतानाच अडकला तर तो या ओळीपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून ‘पीआर-सीटीएल’ वापरून लिनक्सलाही सांगून ठेवलं, की पॅरेंट गेला की याला सिग्नल दे. तुमचा प्रोग्राम सिस्टिम-डीची सर्व्हिस म्हणून चालत असेल तर सर्व्हिस थांबवताना तो मूळ सेटिंगमध्येच अख्खा गट बंद करतो. पुढच्या वेळी मी तिथूनच सुरुवात करेन.

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांना याची दुसरी बाजू माहीत असेल. अॅपने सुरू केलेल्या अशा चाइल्ड प्रोसेसवर अँड्रॉइड १२ पासून मर्यादा आहे, सगळ्या अॅपच्या मिळून ३२. त्यापेक्षा जास्त झाल्या की अँड्रॉइड त्या मारून टाकतं आणि टर्मक्समध्ये ‘सिग्नल ९’ असा मेसेज दिसतो. तिथे अनाथ उरण्याआधीच गळा आवळला जातो.

बदल टाकल्यावर त्या ट्रेनी पोराला शेजारी बसवलं आणि त्याच्याच हाताने पॅरेंटला ‘किल -९’ द्यायला लावलं. ५ सेकंदांनी त्याने ‘पीएस’ चालवलं. यादीत एकही वर्कर नव्हता, रिपोर्ट आला होता. त्याने स्क्रीनचा फोटो काढला आणि सुपरवायझरला व्हॉट्सअॅप केला.