अल्प साधनांत चित्रकलेचा आरंभ

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परंतु अनेक ठिकाणी तो नावापुरताच उरतो. कारण विचारले असता बहुधा दोन उत्तरे मिळतात. मुलांजवळ रंगपेटी व चित्रकलेची वही नसते, हे पहिले; आणि वर्गशिक्षकास स्वतःला चित्र काढता येत नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. तथापि, चित्रकला म्हणजे सुबक, रंगीत चित्र तयार करणे, अशी समजूत त्यांच्या मुळाशी आहे. वास्तविक चित्रकला ही आधी डोळ्याची विद्या आहे व मग हाताची. पाहण्यास रंगपेटी लागत नाही. आणि मुलांना पाहावयास लावणारा शिक्षक स्वतः चित्रकार असावा लागत नाही.

दोन डोंगरांचे चित्र

मुलांना “हवे ते चित्र काढा” असे सांगितले की बहुतेक पाट्यांवर एकच चित्र उमटते: दोन डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, एक वळणदार नदी, काठी एक घर आणि आकाशात चार पक्षी. सूर्य रोज समुद्रात बुडताना पाहणारे कोकणातील मूलही तो डोंगरांमधूनच काढते, आणि जेथे नजर पोहोचेल तेथवर सपाट रान आहे अशा गावातील मूलही तेच करते. हे चित्र मुलाने पाहिलेले नसते. ते त्याने दुसऱ्याच्या वहीतून उचललेले असते. ज्या मुलाला रोजचे बैल, आड, जाते, चूल आणि अंगण यांकडे निरखून पाहावयास कोणी शिकविले नाही, ते उत्तम रंगपेटी मिळाल्यावरही हेच दोन डोंगर रंगवील. मुख्य उणीव साधनांची नाही, ती येथे आहे.

थोडक्या साधनांची परंपरा

थोड्या साधनांत मोठे काम कसे होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. वारली समाजातील स्त्रिया लग्नप्रसंगी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि ठेचलेली बांबूची काडी एवढ्यावर चौक लिहीत आल्या आहेत. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन या आकारांतून त्यांत माणसे, झाडे, गुरे आणि नाच उभे राहतात. हीच कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणणारे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला.

१९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी जी चित्रे केली, ती हातकागदावर व मातीच्या रंगांत होती. त्यांचे विषय सुतार, ढोलकरी, कांडण करणाऱ्या स्त्रिया असे खेड्यातील नित्याचेच होते. शांतिनिकेतनात शिकून आलेले देवी प्रसाद हे १९४४ पासून १९६२ पर्यंत वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक होते. बालकाच्या शिक्षणात कलेला मध्यवर्ती स्थान आहे, हा विचार त्यांनी तेथील अनुभवावरून पुढे ग्रंथरूपाने मांडला. शिवाय, ठिपक्यांची रांगोळी आणि चैत्रांगण घालणारी आई किंवा आजी ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाला रेषा परकी नाही.

कागद, कोळसा व रंग

आरंभी कागदाची गरजच नाही. अंगणातील मऊ मातीवर काडीने, फरशीवर खडूने व पाटीवर पेन्सिलीने पुष्कळ सराव होतो. येथे चुकलेली रेघ हाताने पुसता येते, म्हणून मूल भीत नाही. कागद लागेल तेव्हा जुने वर्तमानपत्र चालते. त्याच्या बारीक छपाईवर कोळशाची जाड रेघ स्पष्ट दिसते. एका बाजूस छापलेले कागद, जुनी पत्रके व निकामी परिपत्रके यांची कोरी पाठही उपयोगी पडते.

चित्रासाठी कोळसा शाळेत करता येतो. द्राक्षबागेतील छाटणीच्या काड्या यासाठी उत्तम. त्या नसतील तेथे कोणत्याही सरळ, वाळलेल्या, बोटाहून बारीक काड्या घ्याव्यात. साल काढून त्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दाटीने भराव्यात, झाकणास खिळ्याने एक भोक पाडावे व डबा विस्तवात ठेवावा. आत हवा नसल्याने लाकूड जळून राख होत नाही. त्यातील ओलावा व वायू धूर होऊन भोकावाटे निघून जातात आणि कोळसा उरतो. धूर थांबला की डबा बाहेर काढावा. पण पूर्ण थंड झाल्याखेरीज उघडू नये, कारण गरम कोळशास हवा लागताच तो पेट घेतो. हे काम शिक्षकानेच करावे. मुलांनी दुरून पाहावे. त्यात विज्ञानाचाही एक पाठ होतो.

रंगांसाठी गेरू, हळद व काजळी पुरेशी आहेत. गेरू कुटून पाण्यात ढवळावा, खडे तळाशी बसू द्यावेत आणि वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावे. तेथे तळाशी जमेल तो बारीक गेरू. त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी घातले म्हणजे वाळल्यावर रंग हाताला लागत नाही. हळदीचा पिवळा रंग उन्हात लवकर विटतो, हे मुलांना आधी सांगावे. पांढऱ्यासाठी तांदळाची पिठी घ्यावी. चुना कातडीस व डोळ्यांस अपायकारक असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. कडुनिंबाच्या दातणाचे टोक ठेचले की कुंचला तयार होतो.

वयाप्रमाणे अपेक्षा

पहिली-दुसरीतील मूल दिसते तसे काढीत नाही. त्याला माहीत असते तसे काढते. घराच्या भिंतीतून आतील माणसे दिसतात, आई घराहून मोठी होते, आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला एक पट्टा होतो. या चुका नव्हेत. त्या सुधारीत बसू नये, “हे कोण? ते काय करीत आहे?” असे विचारून मुलाला बोलते करावे.

कठीण काळ चौथी-पाचवीच्या सुमारास येतो. नऊ-दहा वर्षांचे मूल आपले चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागते आणि दोन्हींतील अंतर त्याला खटकते. आजवर आनंदाने बैल काढणारा मुलगा एके दिवशी पाटी पुसतो आणि म्हणतो, “मला चित्र येत नाही.” या क्षणी त्याला कोणी मदत केली नाही, तर ते वाक्य जन्मभर त्याच्यासोबत राहते. आज जे शिक्षक “आम्हांला चित्र येत नाही” असे म्हणतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाबतीत ते याच वयात ठरलेले असते. मुलाला उणीव दिसू लागली, याचा अर्थ त्याची नजर हातापुढे गेली आहे. हे प्रगतीचेच चिन्ह होय. त्याला येथे स्तुतीची नव्हे, पाहण्याच्या पद्धतीची गरज असते.

नमुना पाठ : तांब्या

चौथीच्या वर्गासाठी एका तासाचा पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल. शिक्षकाने फळ्यावर चित्र काढू नये.

प्रथम एक तांब्या सर्वांना दिसेल असा ठेवावा आणि पाच मिनिटे केवळ प्रश्न विचारावेत. सर्वांत रुंद भाग कोठे आहे, मध्यावर की खाली? गळा पोटाच्या मानाने किती अरुंद? नंतर तांब्या मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत उचलून धरावा. तोंड गोल असूनही ते आता आडव्या रेघेसारखे दिसते. तो सावकाश खाली आणावा. रेघ उघडत जाते आणि लंबवर्तुळ होते. तोंड गोल आहे हे ठाऊक असल्यामुळे मुले ते पूर्ण गोल काढतात. ते डोळ्यांस तसे दिसत नाही, हा शोध त्यांचा त्यांना लागू द्यावा.

दुसरी पायरी मापाची. हात कोपरात न वाकविता समोर ताठ धरावा, एक डोळा मिटावा आणि काडीचे टोक व अंगठा यांमध्ये तांब्याची रुंदी पकडावी. तीच रुंदी उंचीत किती वेळा बसते, ते मोजावे. ज्याने हे प्रमाण पकडले, त्याचे चित्र अर्धे जमले.

तिसरी पायरी रेखाटनाची. खोडरबर वर्गात नसावे. पुसू लागलेले मूल पाहावयाचे थांबते. आधी फिकट रेघा, चुकल्यास शेजारी दुसरी, आणि योग्य वाटेल ती अखेरीस ठळक. खिडकीकडून उजेड येत असेल तर तांब्याची अंधारी बाजू कोळसा आडवा घासून भरावी. सपाट आकृती गोलवा घेते आणि मुलांना त्याचे मोठे नवल वाटते. शेवटी तांब्या झाकून तोच स्मरणाने पाटीवर काढावयास सांगावा.

पुढील तासांना पिंपळाचे पान, कांदा, कंदील, बैलगाडीचे चाक असे विषय घ्यावेत. चाकाच्या वेळी आऱ्यांमधील रिकाम्या जागांचे आकार पाहावयास लावावे. त्या बरोबर आल्या की आरे आपोआप बरोबर येतात.

परीक्षण

मुलाचे चित्र वर्गातील उत्तम चित्राशी ताडू नये. त्याच्याच मागील चित्राशी ताडावे. त्यासाठी सत्राच्या आरंभीचे एक चित्र तारीख घालून जपून ठेवावे आणि तीन महिन्यांनी तीच वस्तू पुन्हा काढावयास द्यावी. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे मुलास व पालकास वेगळे प्रगतिपत्रक लागत नाही. शिक्षकाने मुलाच्या कागदावर स्वतःची रेघ ओढू नये. सांगावयाचे ते वस्तूकडे बोट दाखवून सांगावे. भिंतीवर चित्रे लावताना ती मुलांच्या नजरेच्या उंचीवर व सर्वांची लावावीत.

ज्यांना स्वतःस चित्र येत नाही असे वाटते, त्या शिक्षकांनी या तासाला मुलांबरोबर खाली बसून तोच तांब्या काढावा. गुरुजीही अडतात, पुन्हा पाहतात आणि दुसरी रेघ ओढतात, हे पाहून पाटी पुसू पाहणारा हात बहुधा थांबतो.