रेडिओ बंद, कान चालू!

बोनस जमा झाला, वर थोडं लोन पास झालं की आपल्याला पहिलं काय दिसतं? गाडी! नवी झेपत नाही, मग सेकंडहँड. माझंही तेच झालं. आई डहाणूला एकटी राहते. दर महिन्याला तिला वापीला डॉक्टरकडे न्यायचं असतं. म्हटलं, एखादी छोटी पेट्रोल गाडी घेऊन टाकू. तलासरीत एक सापडली. आठ वर्षं जुनी, जीजे नंबर, पांढरीशुभ्र, नवी सीट कव्हर्स... मी बघताक्षणी फ्लॅट! अ‍ॅडव्हान्सचे पैसे खिशातच होते.

नशीब, सोबत मामा होता. अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागे घालवलेला माणूस. त्याने बॉनेटवर तळहात ठेवला आणि विचारलं, ‘‘गरम कशी हो?’’

‘‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली,’’ मालक हसत म्हणाले.

‘‘मग आम्ही चहा घेऊन येतो. दोन-अडीच तास गार होऊ द्या!’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामाचं लॉजिक ऐका.

गाडी गारच हवी

गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. कमजोर बॅटरी, दमलेला स्टार्टर, सुरुवातीचा धूर, सगळं गार इंजिनातच दिसतं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे वॉर्निंग दिवे आधी लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका. कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो!

मग सायलेन्सरकडे बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त स्टार्ट करताना एक भपका आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरही येत राहिला तर पिस्टन रिंग, म्हणजे ‘हाफ इंजिन’चा खर्च. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ नॉर्मल आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल, तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

आमची गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली आणि मागे निळा भपका! मामा म्हणाला, ‘‘आता आलोच आहोत, तर पूर्ण ऐकू.’’

हायवेवर गप्पा नकोत

इन्शुरन्स चालू आहे ना, ते बघून आम्ही चारोटीच्या दिशेने निघालो. मालकांनाही डहाणूला काम होतं, ते मागे बसले. मामाची पहिली ऑर्डर : रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर. मालक मायलेजच्या गोष्टी सांगत होते, पण ऐकायचं होतं गाडीला.

रस्ता मोकळा बघून चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच प्लेट संपलीय. ८०च्या आसपास स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क. घुंऽऽ असा आवाज येतोय? रस्ता बदलल्यावर तो बदलला तर टायरचा. काँक्रीटवर टायर जास्त ओरडतात. वेगाबरोबर वाढला आणि वळणावर कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंग.

डहाणूकडे वळताना

चारोटीहून डहाणूच्या रस्त्याला लागलो की स्पीडब्रेकरवर हळू जा. खट्-खट् झालं तर सस्पेन्शनचे बुश किंवा लिंक. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना गोल फिरा. टक-टक-टक आलं तर एक्सलचा जॉइंट. गाडी समुद्राकाठी वाढलेली असेल तर खारी हवा पत्रा खाते. कार्पेट उचला, दारांच्या खालच्या कडा बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरातून आलेली असू शकते.

डहाणू स्टेशनबाहेरच्या गर्दीत मामाने एसी फुल केला आणि गाडी दहा मिनिटं तशीच उभी ठेवली. टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकायला लागला... आणि मालक एकदम गप्प!

घासाघीस की नमस्कार?

मामाचा हिशेब साधा. क्लच, बुश, बॅलन्सिंग असेल तर गॅरेजमधून खर्च काढा आणि किंमत तेवढी पाडा. ऑइलचा धूर आणि तापणारं इंजिन असेल तर नमस्कार करा. जीजे गाडी स्वस्त दिसते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हा खर्च धरूनच ‘स्वस्त’ म्हणा.

आई खाली आली होती. गाडीवरून हात फिरवून म्हणाली, ‘‘छान आहे रे!’’ खरं सांगतो, त्या क्षणी मी अ‍ॅडव्हान्स देऊनच टाकला असता. पण हायवेवर भर उन्हात बंद पडलेली गाडी आणि शेजारी बसलेली आई डोळ्यांसमोर आली. मालकांना पेट्रोलचे पैसे दिले, हात जोडले.

सध्या वापीला आम्ही ट्रेननेच जातोय. रविवारी उमरगावला आणखी एक गाडी बघायचीय. मालकांना कालच फोन केला : ‘‘काका, आम्ही येईपर्यंत चालू करू नका हं!’’