त्र्यंबोलीच्या टेकडीवरचा कोहळा

कोल्हापूरची कोहळा पंचमी आश्विन शुद्ध पंचमीला, नवरात्राच्या पाचव्या माळेला होते. पंचांगात हिचे नाव ललितापंचमी. या दिवशी करवीरनिवासिनी अंबाबाई शहराच्या पूर्वेकडच्या टेकडीवर बसलेल्या त्र्यंबोलीला, कोल्हापूरकरांच्या टेंबलाईला, भेटायला जाते. सकाळी देवीची उत्सवमूर्ती पालखीतून निघते. जुन्या राजवाड्यातल्या तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची अशा आणखी दोन पालख्या तिच्यासोबत असतात. इकडे देवळात मूळ मूर्तीची त्या दिवशीची पूजा गजारूढ बांधतात. देवी हत्तीवरच्या अंबारीत बसून सखीच्या भेटीला निघाली आहे, असा तिचा भाव.

दुपारी बाराच्या सुमारास पालख्या टेकडीवर पोहोचतात. गुरव घराण्यातल्या कुमारिकेचे पूजन छत्रपती घराण्यातल्या व्यक्तीच्या हस्ते होते. मग ती कुमारिका कुंकू माखलेल्या कोहळ्यावर त्रिशूळ चालवते. कोहळा फुटला की त्याचा तुकडा मिळवण्यासाठी झुंबड उडते. हा तुकडा घरात असणे शुभ, अशी श्रद्धा आहे. तो हाती यावा म्हणून माणसे तासन् तास उन्हात उभी राहतात. गर्दी आवरताना पोलिसांची दमछाक होते. देवीच्या दारात राजघराण्याने एका लहान मुलीपुढे हात जोडावेत आणि बळीचे शस्त्र तिच्याच हाती असावे, ही या विधीतली सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे.

विधीमागची कथा करवीर माहात्म्याच्या परंपरेतली. महालक्ष्मीने, म्हणजेच अंबाबाईने, कोल्हासुराचा वध केला. या क्षेत्राला आपले नाव मिळावे आणि दरवर्षी आपल्या नावाने कोहळ्याचा बळी द्यावा, असे मरताना त्याने मागून घेतले. पुढे त्याचा पुत्र कामाक्ष याने कपिलमुनींचा योगदंड मिळवला आणि त्याच्या बळावर देवादिकांना शेळ्या-मेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड काढून घेतला, कामाक्षाला मारले आणि सर्वांना मूळ रूप दिले. विजयाचा सोहळा झाला, पण जिच्यामुळे तो झाला तिलाच बोलावणे राहून गेले. त्र्यंबोली रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला महालक्ष्मी स्वतः लवाजम्यासह तिथे गेली आणि कोहळ्याच्या रूपाने कोल्हासुराचा वध तिच्यासमोर पुन्हा करून दाखवला. कथेचे पाठ थोडेफार वेगळे सांगितले जातात. मानापमानाचा हा गाभा मात्र सगळ्या पाठांत कायम आहे.

हीच टेकडी आषाढात वेगळ्या रूपात दिसते. पंचगंगेला नवे पाणी आले की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून ते पाणी कलशांत भरून वाजतगाजत टेंबलाईला नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. पुढे ‘पी ढबाक’ वाद्यांचा गजर असतो. त्या यात्रेत घरोघरी मटणाचा नैवेद्य होतो. आश्विनात त्याच देवीपुढे बळी म्हणून फळ येते. दोन्ही प्रथा एकाच शहराने, एकमेकींना न खोडता, सांभाळल्या आहेत.

प्राण्याच्या जागी फळ देण्याची रीत जुनी आहे. कालिकापुराणात बळी म्हणून चालणाऱ्या वस्तूंमध्ये कोहळा आणि ऊस यांचा उल्लेख येतो. कोहळाच का, याचे उत्तर त्याच्या अंगलोटात सापडते. तो जड असतो, पोटात भरपूर गर बाळगतो आणि एका घावात दुभंगतो. लाल कुंकू फासले की त्याचा पांढरा गर पशुबळीच्या जागी उभा राहू शकतो. त्यातच तो नेमका याच दिवसांत तयार होतो. पावसाच्या तोंडाशी लावलेला वेल तीन-चार महिन्यांत फळ पिकवतो. कोवळेपणी फळावर लव असते. पिकताना ती झडते आणि सालीवर पांढऱ्या मेणाचा थर चढतो. या थरामुळे फळातले पाणी टिकते आणि कोरड्या, हवेशीर जागी कोहळा महिनोन् महिने राहतो. जवळजवळ 96 टक्के पाणी असलेल्या फळाने इतके टिकावे, ही शिंक्यात कोहळा टांगणाऱ्या घरांसाठी मोठीच सोय होती. उन्हाळ्यात त्याचा कीस डाळींच्या वाटणात मिसळून सांडगे घातले जातात. वड्या आणि कोहळेपाकही घरोघरी होतात. आग्र्याचा पेठाही याच फळाचा.

कोहळा आणि लाल भोपळा एकाच वेलवर्गीय कुळातले असले तरी त्यांची घराणी वेगळी आहेत. कोहळा आशियातला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तो कूष्मांड या नावाने येतो. घारग्यांचा आणि भरताचा लाल भोपळा, ज्याला काही भागांत डांगर म्हणतात, मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या वाहाका भागातील एका गुहेत त्याच्या जवळच्या भाईबंदांच्या, माणसाने लावलेल्या वेलींच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर, सोळाव्या शतकानंतर, ही भाजी आपल्याकडे रुजली. तिने स्वयंपाकघर लवकर जिंकले, पण टेंबलाईपुढच्या बळीचा मान मात्र कोहळ्याकडेच राहिला.

महाराष्ट्रात कोहळ्याचा बळी देवळापुरता उरलेला नाही. वास्तुशांतीला, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला तो फोडतात. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात. भिवंडी तालुक्यात वडपे परिसरात मुंबई–नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. अशा ठिकाणी खंडेनवमी आणि दसरा हे यंत्रांचे आणि वाहनांचे सण होतात. शस्त्रपूजेचा मान तिथे ट्रककडे आणि यंत्रमागाकडे गेला. गाड्या धुतल्या जातात, झेंडूची तोरणे चढतात, चाकाखाली लिंबे ठेवतात आणि पुढे कोहळा फोडतात. करवीरच्या छत्रपतींचा आणि महामार्गावरच्या चालकाचा विधी मुळात एकच आहे.

पश्चिमेकडे शरदाचा मोसम भोपळ्याने गाजतो, तोही राजवाड्याच्या अंगणात. जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळ लुडविग्सबुर्ग इथे व्युर्टेंबर्गच्या ड्यूक एबरहार्ड लुडविग याने 1704 मध्ये बांधायला घेतलेला आणि 1733 मध्ये पुरा झालेला 452 दालनांचा राजवाडा आहे. त्याभोवतीची बाग 1954 मध्ये राजवाड्याच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त नव्याने सजवली गेली. 2000 सालापासून तिथे दर शरदात भोपळ्यांचे प्रदर्शन भरते. शेकडो वाणांचे लाखो भोपळे गवताच्या गंजींवर मांडतात. त्यांतून प्राणी, रथ, इमारती उभ्या करतात. भोपळ्याचे सूप विकले जाते. पोखरलेल्या महाकाय भोपळ्यात बसून तळ्यात वल्हवण्याची शर्यत लागते. वजनाच्या स्पर्धेला युरोपभरातून शेतकरी येतात. जगात या भोपळ्यांची मजल 2023 पर्यंत किती गेली होती, हे कॅलिफोर्नियात त्या वर्षी तोललेल्या 1,247 किलोच्या एका भोपळ्यावरून कळते. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरे असल्याने आणि वाहनउद्योगामुळे पुण्याचे अनेक अभियंते त्या भागात राहत असल्याने मराठी कुटुंबांना हे प्रदर्शन अपरिचित नाही.

दोन सोहळ्यांची तुलना केली तर फरक ठळक दिसतो. लुडविग्सबुर्गला फळांची विपुलता पाहायची असते, टेंबलाईवर एकच फळ पुरते. तिथे शेतकरी स्पर्धक म्हणून पुढे येतो. इथे कोहळा कुणाच्या रानातला, कोणत्या वाणाचा, हे विचारले जात नाही. ही आपल्या बाजूची खरी उणीव आहे. एक साम्य मात्र फार बोलके आहे. प्रदर्शनाच्या अखेरीस लुडविग्सबुर्गला महाकाय भोपळे लोकांसमोर फोडतात आणि प्रेक्षक त्यांच्या बिया घरी नेतात. टेंबलाईवर झुंबड उडते ती तुकड्यासाठी. त्या तुकड्यातही बी असते.

दिवाळी पाडव्यानंतर आठव्या दिवशी, कार्तिक शुद्ध नवमीला, कूष्मांड नवमी येते. त्या दिवशी कोहळ्याचे दान करतात. आवळा नवमीही हीच. आवळा देऊन कोहळा काढण्याच्या म्हणीतली दोन्ही फळे पूजेला एकाच तिथीला येतात, याची नोंद फारशी कुणी घेत नाही. या नवमीला कोहळा घेताना तो विकणाऱ्याला गाव आणि वाण विचारावा. फळ फोडल्यावर बिया टाकून न देता धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परसात किंवा बांधावर लावाव्यात.