बारा पायऱ्यांपलीकडची पन्नास वर्षे

दारू सोडायची आहे, काय करू, असं अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत कोणी विचारलं तर उत्तर बहुधा एकच मिळे : एएच्या मीटिंगला जा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. शेअर बाजारात वावरलेले बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ हे दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांशी बोलत राहिलं की पिण्यापासून दूर राहता येतं, हा त्यांचा अनुभव. फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही. या साध्या रचनेने असंख्य घरं सावरली. पुढचा सगळा मागोवा एएचं हे ऋण मान्य करूनच घ्यायचा आहे. तो तिच्या विरोधकांचा नाही; तिथे ज्यांचं मन रमलं नाही आणि तरीही ज्यांना दारू सोडायचीच होती, त्यांचा आहे.

एएच्या बारा पायऱ्यांची सुरुवात दारूपुढे आपण हतबल आहोत या कबुलीने होते. मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, आपल्याला उमगलेल्या ईश्वराच्या हाती स्वतःला सोपवणं, आपल्या दोषांची झाडाझडती, दुखावलेल्यांची भरपाई. अनेकांना यातूनच बळ मिळालं. पण नास्तिक माणसाला तिसऱ्या पायरीवर ठेच लागे, आणि आयुष्यभर हतबलच राहिलेल्या बाईला पहिल्याच पायरीवर. अशांना वर ऐकावं लागे, ‘तुझी अजून सोडायची तयारीच नाही.’ मला या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हे वाक्य. उपाय लागू पडला नाही की दोष रोग्याच्या माथी मारायचा, हे दुसऱ्या कुठल्या आजारात आपण चालवून घेऊ?

पहिला ठळक पर्याय एका स्त्रीने उभा केला. जीन कर्कपॅट्रिक समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. एएमधून त्यांची दारू काही काळ सुटली, पुन्हा लागली. पुढे स्वतःच्या विचारांना वळण लावत त्या बाहेर पडल्या आणि १९७५ साली पेन्सिल्व्हेनियात त्यांनी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ सुरू केली. पिणाऱ्या बाईला अहंकार मोडण्याची नाही, हरवलेला आत्मविश्वास परत मिळवण्याची गरज असते, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणून त्यांच्या तेरा विधानांत शरणागती नाही. आपल्या विचारांची आणि जगण्याची सूत्रं आपल्या हाती घेणं आहे.

दहा वर्षांनी जेम्स ख्रिस्तोफर यांनी, श्रद्धेचा आधार न घेता दारूमुक्त राहता येतं, असं लेख लिहून मांडलं. त्याला मिळालेल्या प्रतिसादातून ईश्वर बाजूला ठेवणारे ‘एसओएस’चे गट निघाले. १९९४ साली ‘स्मार्ट रिकव्हरी’ हे नाव पुढे आलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे विवेकनिष्ठ विचार आणि वर्तनोपचार हा या संघटनेचा पाया. काम चार गोष्टींवर चालतं : सोडण्याची इच्छा टिकवणं, तलफ परतवणं, विचार-भावना-वागणं सांभाळणं आणि समतोल जगणं. पिण्याने काय मिळतं आणि काय जातं, याचा हिशेब माणूस स्वतः कागदावर मांडतो. स्वतःला कायमचं ‘अल्कोहोलिक’ म्हणवून घ्यायची अट नाही.

याच सुमारास प्रश्न कोर्टात गेला. कैद्यांना सवलतीसाठी आणि पॅरोलवर सुटलेल्यांना अट म्हणून बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला बसवलं जाई. १९९६ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने, आणि २००७ साली हवाईतल्या एका बौद्ध व्यक्तीच्या प्रकरणात संघीय अपील न्यायालयाने सांगितलं, की ईश्वराचा आधार घेणारा कार्यक्रम सरकार सक्तीने लादू शकत नाही. निवड असलीच पाहिजे, हे तत्त्व त्यातून कायद्यात उतरलं.

या वाटेवर एक जखमही आहे. ऑड्री किशलाइन यांनी १९९४ साली, बेताने पिणं शिकवणारी ‘मॉडरेशन मॅनेजमेंट’ सुरू केली. २००० साली त्यांनी दारूच्या नशेत गाडी चालवली आणि दोघांचा जीव गेला. त्यांनी त्याआधीच बेताने पिण्याचा मार्ग सोडून एएची कास धरली होती, त्यामुळे हा अपघात दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध वापरला. मला त्यातून दिसतं ते इतकंच, की ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालंय त्याने ‘थोडीच घेईन’ म्हणणं जीवघेणं ठरू शकतं. पर्याय शोधायचा तो न पिण्यासाठी.

मग संशोधन काय म्हणतं? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’मध्ये १,७२६ रुग्णांवर तीन पद्धती वापरल्या : बारा पायऱ्यांची ओळख, वर्तनोपचार आणि प्रेरणा वाढवणारं समुपदेशन. तिन्हींचे निष्कर्ष बरेचसे सारखे आले. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात, सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे उपचार सरस ठरले, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण २०१८ साली एएसारखे गट आणि पर्यायी गट यांची तुलना झाली, तेव्हा गट कोणता यापेक्षा त्यात माणूस किती गुंततो हे महत्त्वाचं दिसलं. म्हणजे ज्याला जिथे आपलं वाटेल, तिथे त्याने टिकावं. औषधंही आहेत. अमेरिकेत नाल्ट्रेक्सोनला या वापरासाठी १९९४ साली मान्यता मिळाली, तरी आजही किती घरांना त्याची माहिती असते?

आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे. डॉ. अनिता अवचट यांनी घडवलेल्या या केंद्रात एएच्या विचारासोबत समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग पहिल्यापासून हातात हात घालून चालत आला. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने आणखी एक वाट दाखवली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. पूर्ण व्यसनाधीनांसाठी एवढं पुरणार नाही, पण त्या टोकाला पोचण्याआधी गाठणारी ही वाट आहे.

याची निकड केवढी? एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ भारतीयांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. या रिकाम्या जागेत ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ म्हणणाऱ्या जाहिराती शिरतात. जेवणात गुपचूप डायसल्फिरामसारखं औषध मिसळणं हा उपचार नाही; वर दारू प्यायली गेली तर जिवावर बेतू शकतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

पन्नास वर्षांचा हा प्रवास माझ्या मते एकच गोष्ट मागतो. घसरून परत आलेल्या माणसाला डॉक्टरांनी, समुपदेशकांनी आणि घरच्यांनी ‘तुला सोडायचीच नाही’ म्हणणं बंद करावं. त्याऐवजी विचारावं : आतापर्यंत काय करून पाहिलंस आणि नेमकं कुठे अडलास? उत्तर ‘देवापाशी’ असेल तर विवेकाच्या पायावरचा गट सुचवावा, ‘तलफेपाशी’ असेल तर औषध, ‘एकटेपणापाशी’ असेल तर जवळची एएची मीटिंग. सुचवणाऱ्याला हे सगळे उपाय ठाऊक असणं, ही त्याच्या कामाची पहिली अट मानली गेली पाहिजे.