दोन बुड्यांमधली विश्रांती

दक्षिण प्रशांत महासागरात टोंगा नावाचा पॉलिनेशियन बेटांचा एक छोटा देश आहे. लोकसंख्या जेमतेम एक लाख. दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात तिथल्या कोमट पाण्यात हंपबॅक जातीचे देवमासे येतात. नावात मासा असला तरी हा आपल्यासारखाच सस्तन प्राणी. फुफ्फुसाने श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा. अंटार्क्टिकाजवळच्या थंड समुद्रात पोटभर खाऊन या माद्या हजारो किलोमीटर पोहत इथे येतात, जणू बाळंतपणासाठी माहेरीच. अकरा-बारा महिन्यांच्या गर्भारपणानंतर जन्मणारे पिलू चार मीटरहून लांब असते आणि त्याचे वजन एक टनाच्या आसपास भरते.

याच काळात जगभरातून माणसेही टोंगाला येतात. पाठीवर प्राणवायूचे नळकांडे न घेता, फक्त स्वतःच्या श्वासावर बुडी मारायला शिकायचे आणि देवमाशांच्या सोबतीने पाण्यात उतरायचे, ही त्यांची हौस. या प्रकाराला फ्रीडायव्हिंग म्हणतात. हा खर्चिक पर्यटनाचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे वाचक बंधू-भगिनींना वाटेल. पण श्वास रोखणे म्हणजे नेमके काय, त्यात माणूस कसा दगावतो आणि कशाने वाचतो, हे या बेटांकडून जितके नीट समजते तितके क्वचितच कुठून समजत असेल. आणि ते आपल्या विहिरी-तलावांनाही लागू आहे.

श्वास रोखल्यावर शरीरात काय होते?

थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखला की शरीर आपणहून काटकसर सुरू करते. नाडी मंदावते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे मेंदू आणि हृदय यांना रक्त राखून ठेवले जाते. प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. ही देणगी सगळ्या सस्तन प्राण्यांना आहे, आपल्यालाही.

तरी देवमाशाची बरोबरी आपल्याला करता येत नाही. तो एका श्वासात फुफ्फुसातली ऐंशी ते नव्वद टक्के हवा बदलतो, आपण नेहमीच्या श्वासात दहा-पंधरा टक्केच बदलतो. शिवाय त्याच्या स्नायूंमध्ये मायोग्लोबिन हे प्राणवायू साठवणारे प्रथिन भरपूर असते. म्हणून आई पंधरा-वीस मिनिटे पाण्याखाली निवांत राहते. तिचे पिलू मात्र दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर येते आणि पुन्हा आईच्या कुशीखाली जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘आता श्वास घ्यायलाच हवा’ अशी जी तगमग होते, ती मुख्यतः प्राणवायू संपत आल्याची नसते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याची ती सूचना असते. बुडी मारण्यापूर्वी कोणी भराभर खोल श्वास घेतले, तर हा वायू बाहेर फेकला जातो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकल्यासारखे होते. तगमग होत नाही, माणसाला वाटते आपला दम वाढला, आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते.

वर येताना धोका आणखी वाढतो. दहा मीटर खोलीवर पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा दुप्पट दाब असतो. वर येऊ तसा तो घटतो आणि फुफ्फुसातला उरलासुरला प्राणवायू रक्तात जाण्याचा जोर एकदम कमी होतो. म्हणूनच अनेकदा माणूस तळाशी शुद्धीत असतो आणि शेवटच्या काही मीटरांत किंवा वर डोके काढल्यावर बेशुद्ध पडतो.

शिकवणी कशी चालते?

चांगल्या प्रशिक्षणात पहिला धडा दम वाढवण्याचा नसतो, अंग सैल सोडण्याचा असतो. पोटाने सावकाश श्वास, खांदे ढिले, मन शांत. मग कानाचा धडा येतो. नाक चिमटीत धरून कानातला दाब सारखा करायचा आणि कान दुखला की तिथूनच परत फिरायचे. दुखऱ्या कानाने आणखी खाली जाणे म्हणजे पडदा फाटण्याला आमंत्रण.

तिसरा धडा जोडीदाराचा. एक खाली, एक वर, हा नियम कधीही मोडायचा नाही. खालचा वर आला तरी पुढची तीस सेकंद त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. जोडीदार बेशुद्ध पडला तर त्याचे तोंड पाण्याबाहेर धरायचे, मास्क काढायचा, चेहऱ्यावर फुंकर घालायची, गालावर हलके थोपटायचे आणि नावाने हाक मारून ‘श्वास घे’ म्हणायचे. चौथा धडा विश्रांतीचा. जितका वेळ पाण्याखाली काढला, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर थांबायचे. शिकाऊ माणसे या चौथ्या धड्याचा सर्वांत जास्त कंटाळा करतात. त्याची किंमत काय असते, हे पॉलिनेशियातल्याच कष्टकरी पाणबुड्यांनी दाखवून दिले आहे.

तरावना

टोंगाच्या पूर्वेला खूप दूर, फ्रेंच पॉलिनेशियात तुआमोतु नावाची प्रवाळबेटे आहेत. तिथले पाणबुडे मोत्याच्या शिंपल्यांसाठी तीस-चाळीस मीटर खोल जात. या शिंपल्यांची चकाकती बटणे दूरदेशीच्या सदऱ्यांना लागत. हंगामात माणूस दिवसभर बुडीवर बुडी मारी, मधे काही मिनिटांचीच उसंत. संध्याकाळपर्यंत कुणाला भोवळ येई, कुणाचे अंग लुळे पडे, कुणाचे भान सुटे, काही जण मरत. या आजाराला तिथल्या भाषेत ‘तरावना’ म्हणतात. वेड लागून कोसळणे, असा त्याचा अर्थ सांगतात. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका दिवसाच्या कामाची नोंद आहे. २३५ पाणबुड्यांपैकी ४७ जणांना हा त्रास झाला होता.

कारण असे की खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. पुरेसे न थांबता पुन्हा पुन्हा खाली गेले की तो साठत जातो आणि वर आल्यावर त्याचे बुडबुडे होतात. मंगारेवा बेटावरचे पाणबुडेही याच धंद्यातले. पण ते दोन बुड्यांमध्ये दहा मिनिटांहून जास्त थांबत. त्यांच्यात हा आजार आढळला नाही.

तेच पाणी, तेच शिंपले, तसलीच माणसे. फरक पडला तो मधल्या काही मिनिटांचा. कामगाराच्या विश्रांतीला आळस म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी, असे आम्हाला वाटते.

रविवारी समुद्रही मोकळा

टोंगात ही मर्यादा समाजाच्या वागण्यातच दिसते. १८७५ च्या टोंगाच्या राज्यघटनेने रविवार हा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस ठरवला आहे. त्या दिवशी दुकाने बंद, देवमाशांकडे जाणाऱ्या होड्याही बंद. लोक चर्चमध्ये एका सुरात गातात, मग जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजलेले कंद, मासे आणि मांस घरोघरी एकत्र बसून खातात. त्या भट्टीला ‘उमू’ म्हणतात. मानाच्या प्रसंगी स्त्री-पुरुष कमरेला विणलेली चटई गुंडाळतात, तिला ‘ताओवाला’ म्हणतात. सार्वजनिक ठिकाणी पुरुषाने उघड्या अंगाने फिरणे तिथे कायद्यालाच मंजूर नाही. पाहुण्याने पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नये, हे त्यातून समजून घ्यावे. संध्याकाळी ‘कावा’ या मुळांचे पेय पीत गोलात बसून गप्पा रंगतात. कावाने सुस्ती येते आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा बुडी मारणाऱ्याने आणि मद्य घेणाऱ्याने त्यापासून लांबच राहावे.

याच देशात पूर्वी देवमाशांची शिकार होत असे, लोक त्यांचे मांस खात. १९७८ साली राजा तौफाआहाऊ तुपौ चौथा यांनी शिकारीवर बंदी घातली. आज तिथे परवानाधारक होडीतूनच देवमाशांजवळ जाता येते. एका वेळी चारच पोहणारे आणि सोबत एक वाटाड्या पाण्यात उतरतो. पाठीवरचे नळकांडे चालत नाही. एका कळपासोबत जास्तीत जास्त दीड तास, मग तितकाच वेळ त्या कळपाला मोकळे सोडायचे.

प्रसूतीच्या वॉर्डात काम केलेल्या आम्हा परिचारिकांना या नियमाचे मोल लगेच कळते. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली की बाळंतिणीला डुलकीही मिळत नाही आणि बाळाचे दूध तुटते. देवमाशाची आई तर या मुक्कामात जवळजवळ उपाशीच असते. अंगच्या चरबीवर ती स्वतः जगते आणि पिलाला दूध पाजते. होड्या पाहून तिला पळावे लागले, तर खर्च होते ती बाळाच्या वाट्याची चरबी. म्हणून तिच्या मागे पोहायचे नाही, वाट अडवायची नाही, हात लावायचा नाही. दम कितीही असो, वाटाड्याने ‘खाली जाऊ नका’ म्हटले की वरच तरंगायचे. ती जवळ आली तर तिच्या मर्जीने.

आपल्या विहिरी-तलावांसाठी

टोंगाला जाणे आपल्यातल्या बहुतेकांना जमणार नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीत दम धरण्याच्या पैजा आपल्या गावात लागतातच. घरातल्या मुलामुलींना एवढे जरूर सांगा :

• पाण्यात एकट्याने श्वास रोखू नका. पोहता येणारी एक व्यक्ती फक्त तुमच्यावर नजर ठेवून काठावर हवी.

• बुडीआधी भराभर श्वास घेऊ नका. पैज लावू नका. दोन बुड्यांमध्ये भरपूर थांबा.

• फिट्स, हृदयविकार, दमा किंवा कानाचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी हा प्रयोग करू नये. सर्दीतही नको.

• आनापानाच्या साधनेत श्वास पाहायचा असतो, रोखायचा नसतो. साधना करतो म्हणून पाण्यात दम टिकेल, असे कोणी समजू नये.

• बुडालेल्या माणसाला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. श्वास चालू नसेल तर उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून आधी तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत थांबू नका.

शेवटचा मुद्दा वाचून कळला तरी हाताला येत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला विहारात बोलवा आणि एक तास पुतळ्यावर सराव करून घ्या. विहिरी भरण्याआधी, याच महिन्यात.