पहिल्या धारेची

फाल्गुन सरत आला की सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, बायका-पोरं तांबडं फुटायच्या आत टोपल्या घेऊन मोहाखाली पोचतात. पाचोळा आदल्या दिवशीच झाडून ठेवलेला असतो. रात्रीतून गळालेली फुलं फिकट पिवळसर, गुबगुबीत, बोटांना चिकटणारी. उन्हात वाळली की मनुक्यांसारखी तपकिरी होतात. भिलाला, कोरकू, निहाल कुटुंबं ती भाजून खातात, गुरांना घालतात, बाजारात विकतात. आणि दारूही गाळतात.

भिजवून फसफसलेला मोह मडक्यात घालून चुलीवर चढवला, की वाफ नळीतून थंड भांड्यात थेंबथेंब उतरते. मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो, पाण्याला १०० लागतात. म्हणून सुरुवातीला येते ती 'पहिल्या धारेची', कडक; मागाहूनची पाणचट. भट्टीवरचा हा शब्द गावभर झाला. कुणी दिवसाढवळ्या बरळायला लागला की लोक विचारतात, "पहिल्या धारेची मारली काय रे?"

तिची परीक्षा सोपी: विस्तवावर शिंतोडा मारायचा. भडका उडाला तर माल चोख.

गंमत म्हणजे साहेबाचं कडकपणाचं माप, 'प्रूफ', तेही असंच विस्तवातून निघालं. जुन्या इंग्लंडात बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवत, असं सांगतात. पेटली तर मद्य खरं. ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवरचा ४२.८ हा विचित्र आकडा त्याचाच पाऊणपट. अमेरिकेचा हिशेब सरळ आहे, टक्क्यांची दुप्पट. तिथली 'वाइल्ड टर्की १०१' ही बर्बन व्हिस्की ५०.५ टक्क्यांची, आणि तिकडच्या मानाने खिशाला परवडणारी. आपल्याकडे आयात शुल्क भरून ती आली की 'परवडणारी' हा शब्द गळून पडतो.

बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो, आणि आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप. मका बुलढाण्याच्या शिवारातही आहे. पिंपाची सोय मात्र नाही. व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास त्या पिंपातून येतो. मोहाला त्याचा वास फुलातून आणि चुलीच्या धुरातून मिळतो.

इतकं कडक मद्य घटाघट प्यायचं नसतं. नाक पेल्यात खुपसलं तर फक्त झिणझिण्या येतात. पेला जरा लांब धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. मग अर्धा घोट जिभेवर फिरवावा. नंतर चार थेंब पाणी टाकलं की दबलेले वास वर येतात.

पण भडका खोटंही बोलतो. विषारी मिथेनॉलही तसंच पेटतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत ते मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. अमेरिकेतही भेसळीचा सुळसुळाट झाला तेव्हा १८९७ मध्ये 'बॉटल्ड-इन-बाँड' कायदा आला: एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, सरकारी कुलपात निदान चार वर्षं मुरलेली, नेमकी १०० प्रूफ. चवीपेक्षा ती हमी मोठी होती.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याने घरची भट्टी गुन्हाच आहे. मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध मात्र २०२१ मध्ये उठले. डोंगरापलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवून आदिवासी बचत गटांना परवाने दिले. अलीराजपूरच्या भिलालांची 'मोंड' आता लेबल लावून विकली जाते. डोंगराच्या अलीकडच्या भिलाला बाईला अजून पोत्यातल्या फुलांचाच भाव मिळतो.